विषयाला किमान तीन विद्यार्थी

माझे वडील हिंगोलीकडच्या गोरेगावात पोस्टमन होते आणि पोस्टकार्डावर त्यांचा फार विश्वास होता. कुणाशी वाजलं तरी ते तोंडानं भांडत नसत. त्या माणसाला कार्ड लिहीत, पेटीत टाकत, आणि दुसऱ्या दिवशी शिक्का मारलेलं तेच कार्ड सायकलवरून नेऊन त्याच्या हातात देत. समोरचा वाचेपर्यंत तिथंच उभे राहत.

त्यामुळं मी बारावीला कला शाखेत केंद्रात पहिली आले, तेव्हा त्यांनी पेढ्यांच्या आधी वीस कार्डं आणली. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावातल्या हुशार पोरी डी.एड.चा अर्ज भरत, बाकीच्यांची लग्नं होत. मला मात्र भूगोल शिकायचा होता. लहानपणापासून वडिलांसोबत टपाल लावत बसायची सवय. दरभंगा, सांगली, जोधपूर असे शिक्के वाचले की ते गाव नकाशात सापडल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

वडिलांनी वीसही कार्डांवर एकच मजकूर लिहिला. "माझी मुलगी बारावीस केंद्रात प्रथम आली आहे. तिला भूगोल विषय घ्यावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयात मुलींची राहण्याची सोय आहे काय, व गुणवत्तेवर काय काय मिळेल, ते सविस्तर कळवावे. विचार करून निर्णय कळवू."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लोकं कॉलेजात अर्ज करतात. तुमी कॉलेजाकडूनच अर्ज मागून राहिले व्हय?"

"पोरीनं गुण आणलेत," वडील म्हणाले. "मागायला काय जातंय?"

तसं आम्हाला सरकारी शिष्यवृत्तीही मिळणार होती. पण ती यायची तेव्हा यायची. आमच्या गल्लीतल्या एकाला त्याची पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा तो नोकरीला लागून दोन लेकरांचा बाप झाला होता. म्हणून वडिलांना आधी जेवणाची आणि निवाऱ्याची सोय लेखी हवी होती.

वीस कार्डांना सात उत्तरं आली. एका कॉलेजानं रंगीत माहितीपत्रक पाठवलं, त्यावर निळ्याशार पाण्याचा तलाव होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नियोजित'. लायब्ररीच्या खालीही तेच, आणि मुख्य इमारतीच्या खालीही. दुसऱ्या एका कॉलेजानं कळवलं की भूगोल नाही, पण गृहविज्ञान आहे, त्यात नकाशासारखेच कापड कापायला शिकवतात. तिसऱ्याचं उत्तर वडिलांनी जपून ठेवलं होतं: 'आपल्या मुलीस अवश्य घेऊन यावे. येताना आणखी दोन विद्यार्थी आणावेत.'

त्या मजकुरावर आम्ही फार हसलो. हसायला नको होतं.

आठव्या कॉलेजानं उत्तर पाठवलं नाही. त्याऐवजी तिथले भूगोलाचे सर लुनावर बसून आमच्या दारात आले. पस्तिशीच्या आतले, सडपातळ, अंगभर धूळ. हातात वडिलांचं कार्ड होतं. आईला वाटलं मला बघायला आलेत. तिनं मला आत ढकललं आणि पोहे टाकले. सर एक शब्द न बोलता पोहे खाऊन मोकळे झाले. मग तोंड पुसून म्हणाले, "मुलगी कुठंय? तिला एक प्रश्न विचारायचाय."

आई मला डोक्यावर पदर देऊन बाहेर घेऊन आली.

सरांनी विचारलं, "कयाधू कोणत्या नदीला मिळते?"

"पैनगंगेला."

"पसंत आहे," सर म्हणाले. आई खुर्चीवर बसली. गैरसमज निस्तरायला पुढचा अर्धा तास गेला.

मग वडिलांनी मुलाखत घेतली. सर पाहुणे असले तरी मुलाखत त्यांचीच झाली. कॉलेज हिंगोलीच्या बाहेर, नवं निघालेलं. संस्थेचे अध्यक्ष हळदीचे मोठे व्यापारी. त्यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावानं गुणवत्ता शिष्यवृत्ती ठेवली होती: मुलींच्या वसतिगृहात खोली, दोन वेळचं जेवण, पुस्तकं, सगळं वर्षभर फुकट. पहिल्या वर्षी बारावीच्या गुणांवर, पुढं दरवर्षी कॉलेजच्या वार्षिक चाचणीत जो विषयात पहिला येईल त्याला.

"आणि अट?" वडिलांनी विचारलं. पोस्टात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला अट असतेच हे माहीत असतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "विषयाला किमान तीन विद्यार्थी पाहिजेत."

"सध्या किती हायेत?"

"तुमची मुलगी धरून?"

"धरून."

"एक."

सर घाईनं म्हणाले की दुसरा तर घरचाच आहे. कॉलेजचा शिपाई बारावी पास आहे, तो नाव टाकायला तयार आहे. म्हणजे दोन झाले. तिसरा मिळाला की तुकडी वाचेल, मुलीला शिष्यवृत्ती मिळेल आणि सरांची नोकरीही राहील. ते तासावर होते. मुलं नसली तर तास नाहीत, आणि तास नसले तर सरही नाहीत.

दुसऱ्या कुठल्या बापानं त्यांना नमस्कार करून वाटेला लावलं असतं. माझ्या वडिलांना मात्र ज्याचं म्हणणं कागदावर बरोबर बसतं असा माणूस आवडायचा. ते म्हणाले, "तिसरा शोधू. मला पंचक्रोशीतलं प्रत्येक घर माहिती हाय."

आधी कॉलेज पाहून आलो. पत्र्याची लांब शेड, तीत चार खोल्या. वसतिगृह म्हणजे अध्यक्षांचं हळदीचं जुनं गोदाम. मध्ये भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या, पण वास निघाला नव्हता. तिथल्या मुलींच्या उशा पिवळ्या, तळवे पिवळे. एकीनं सांगितलं की तिची पांढरी ओढणी आठवड्यात पिवळी झाली, ती पुन्हा पांढरी करायच्या भानगडीत ती पडली नाही. वडिलांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बघितलं, आणि म्हणाले, "जखम झाली तर औषधाचा खर्च न्हाई."

भूगोलाच्या खोलीत एकच नकाशा होता, महाराष्ट्राचा. त्यात हिंगोली जिल्हा नव्हता. जुना होता, परभणीच होती अखंड. सर म्हणाले, नवा मागवलाय. तिन्ही वर्षं तो मागवलेलाच राहिला.

तरीही मला ते कॉलेज आवडलं. निघताना सरांनी शेडबाहेर पाय आपटून दाखवला, "ही काळी माती आहे ना, हा लाव्हा आहे. तुम्ही लाव्ह्यावर उभे आहात." असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग आठवडाभर तिसरा विद्यार्थी शोधला. सर लुनावर, वडील सायकलवर, मी सरांच्या मागं एका अंगाला पाय सोडून, मांडीवर प्रवेशाचे कोरे फॉर्म. जिथं बारावी पास माणूस आहे असं वडिलांना आठवायचं तिथं आम्ही जायचो. एक जण पिठाच्या गिरणीवर होता. तो म्हणाला, येतो, पण गिरणी वर्गात आणता येईल का? तांड्यावरच्या एका सुनेनं फॉर्म घेतला, वाचला, घडी करून कमरेला खोचला. "तीन वर्षानं या," ती म्हणाली. "लेकरू शाळेत गेलं की मी मोकळी." ती मस्करी करत नव्हती. सरांनी वहीत खरंच तिचं नाव लिहून घेतलं.

शेवटी पुसेगावात वडिलांना एक पत्ता आठवला. पेन्शनीचे कागद ते तिथं द्यायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक काका, चव्वेचाळीस वर्षांचे, शेतात सोयाबीन खुरपत होते. बारावी त्यांनी फौजेत असताना दिली होती. सरांना पाहून ते उठून सरळ उभे राहिले. सरांनी सगळं सांगितलं: मुलगी हुशार आहे, शिष्यवृत्ती आहे, अट आहे.

काकांनी विचारलं, "मला करायचं काय?"

"वर्गात बसायचं. परीक्षा द्यायची."

"पास व्हायचं?"

सर आणि वडील एकमेकांकडं बघायला लागले. वडील हळूच म्हणाले, "पास झाले तरी चालंल. पोरीच्या वर मात्र जाऊ नका."

काका विचार करून म्हणाले, "समजलो. मागं ऱ्हायचं. हुकूम लेखी द्या."

वडिलांनी तिथल्या तिथं कार्ड लिहून दिलं. बांधावर उभं राहून काकांनी ते वाचलं, खिशात घातलं आणि फॉर्मवर सही केली.

असा आमचा वर्ग भरला. पहिल्या बाकावर मी, दुसऱ्यावर काका, दाराजवळ शिपाई. शिपायाला तासाची घंटा द्यायला उठावं लागे, त्यामुळं प्रत्येक तासाचा शेवट त्याला आमच्या वहीतून उतरवून घ्यावा लागे. काका वेळेच्या दहा मिनिटं आधी येत. पॅन्टीला इस्त्री, बुटाला पॉलिश. सर आत आले की ते इतक्या जोरात उठत की सर दचकत. सर त्यांना 'काका' म्हणत, काका सरांना 'साहेब' म्हणत, आणि मी सुरुवातीला दोघांनाही काय म्हणावं हे न कळून 'अहो' म्हणायची.

आधी काका नुसते बसायचे. सप्टेंबरात हिमनदीचा धडा आला. सरांनी फळ्यावर हिमनदी काढली. साधारण ओढ्यासारखी, कारण त्यांनी ओढाच बघितला होता. काकांनी हात वर केला.

"साहेब, अशी न्हाई ती. आवाज करती."

"काय करते?"

"आवाज. आतून. मी तिथं सात महिने व्हतो."

सरांनी खडू त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी काकांनी पाऊण तास शिकवलं. शिपाई घंटा द्यायला उठलाच नाही. बाकीच्या तिन्ही खोल्यांचे तास आमच्यामुळं लांबले. मग हे नेहमीचंच झालं. वाळवंट आलं की काका जैसलमेरला होते, जास्तीच्या पावसाचा प्रदेश आला की आसामात होते. सरांनी त्यांना कधी थांबवलं नाही. उलट टिपून घ्यायचे. मला मात्र ते टोचायला लागलं होतं. मी पाठ करत होते ते हा माणूस बघून आला होता.

वार्षिक चाचणीच्या आदल्या दिवशी काका मला म्हणाले, "बाई, काळजी करू नको. तुझ्या बापाचं कार्ड खिशात हाय."

मी म्हणाले, "काका, तुमी तुमचं लिहा." मोठ्या मनानं म्हणाले, कारण मनातून मला खात्री होती की मीच पहिली येणार.

निकाल लागला. काका पहिले. मी दोन गुणांनी दुसरी. शिपाईही पास झाला, आणि परीक्षेत दर अर्ध्या तासाला उठून घंटा देत तो पास झाला याचं मला आजही कौतुक वाटतं.

ते दोन गुण कुठं गेले हे मी सांगायलाच हवं. 'मराठवाड्यातील जिल्हे लिहा' असा प्रश्न होता. मी पुस्तकाप्रमाणं सात लिहिले. काकांनी आठ लिहिले, आठवा हिंगोली. हिंगोली जिल्ह्यात राहणारी, हिंगोलीत शिकणारी, उत्तरपत्रिकेच्या डोक्यावर 'जिल्हा हिंगोली' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेली मी, आत हिंगोली विसरून आले होते. सर म्हणाले, "तुला देऊ कसे गुण? तूच सांग." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

काका त्याच संध्याकाळी गोरेगावात आमच्या घरी आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले, आत येईनात.

"हुकूम मोडला," ते म्हणाले. "तीन प्रश्न सोडून देणार व्हतो. पेन उचललं, पण सुटंनात. जिथं उभा व्हतो ते कसं ठावं न्हाई म्हणू? खोटं लिवता आलं न्हाई."

वडील उठले. मला वाटलं आता कार्ड लिहितात. त्यांनी काकांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि खाटेवर बसवलं. "बराबर केलं तुमी," ते म्हणाले. "पोरीनं सात लिवले त्याला तुमी काय करणार?"

आता खरा घोळ पुढं होता. शिष्यवृत्ती म्हणजे पैसे नव्हते; मुलींच्या वसतिगृहातली खोली होती. आणि ती पुसेगावच्या चव्वेचाळीस वर्षांच्या माजी हवालदाराला लागली होती.

काका कॉलेजच्या हापिसात गेले आणि म्हणाले, ही खोली त्या मुलीला द्या. कारकुनानं नियम दाखवला. शिष्यवृत्ती दुसऱ्याला देता येत नाही. बरं, मग मला नको. नको म्हणायचा फॉर्म नव्हता. मग आम्ही सगळे अध्यक्षसाहेबांकडं गेलो. ते मार्केटात हळदीच्या ढिगाशेजारी बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "माझ्या आईच्या नावानं आहे. आईच्या नावाची वस्तू मी परत कशी घेऊ? पाहुणे, तुम्ही राहा. निवांत राहा."

"मुलींच्यात?" काकांनी विचारलं.

अध्यक्षांनी त्यावर विचार केला नव्हता. विचार करून ते म्हणाले, "दाराला कडी आहे."

बक्षीस समारंभही झाला. काका फौजेतला कोट घालून आले, छातीवर पदकं. अध्यक्षांनी त्यांच्या हातात खोलीची किल्ली ठेवली आणि सवयीनं डोक्यावर हात ठेवून विचारलं, "मोठं होऊन काय व्हायचंय?" काका सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "झालो साहेब."

मंडपाच्या मागं त्यांनी किल्ली माझ्या ओंजळीत टाकली. कारकून बघत होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली आणि एवढंच म्हणाला, "हजेरीला नाव यांचंच राहील. आणि जेवणाच्या रजिस्टरला आठवड्यातून एक तरी सही लागेल."

म्हणून दुसऱ्या वर्षी मी त्या पिवळ्या खोलीत काकांच्या नावानं राहिले. वसतिगृहाच्या बाई रोज संध्याकाळी हजेरी घेत. वीस मुलींची नावं झाली की एकविसावं नाव पुकारत, काकांचं, हुद्द्यासकट. मी म्हणायची, "हजर." पहिले काही दिवस मुली हसून लोळायच्या. दिवाळीपर्यंत कुणाला त्यात काही वाटेनासं झालं. दर शनिवारी काका सायकलवर येत, फाटकाबाहेर दगडावर बसत, बाई ताट बाहेर आणून देत. ते मुकाट जेवत, सही करत आणि म्हणत, "डाळ पातळ हाय. मुलींना पुरती का?" दोन-तीन शनिवार त्यांनी असं विचारलं आणि डाळ घट्ट झाली. फौजी तपासणीला येतो असं स्वयंपाकीणबाईंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

त्याच वर्षी आमचं खरं जुंपलं. वडिलांचं कार्ड काकांनी परत केलं, म्हणाले, "आता तिचं तिनं लढावं." जेवण झाल्यावर त्याच दगडावर ते मला प्रश्न विचारायचे, मी त्यांना. चुकलं की ते माझ्यावर चिडत, बरोबर आलं की जास्त चिडत. चाचणीत मी नऊ गुणांनी पहिली आले. काकांनी माझी उत्तरपत्रिका सरांकडून मागून घेतली, ओळ न ओळ वाचली. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "इथं साहेबांनी तुला एक गुण फुकट दिलाय." मग खिशातून श्रीखंडाच्या गोळ्या काढून सगळ्या वर्गाला वाटल्या. सगळा वर्ग म्हणजे मी, शिपाई आणि सर.

तिसरं वर्षही पार पडलं. आम्ही तिघंही पदवीधर झालो. शिपायाला कारकुनाची जागा मिळाली, आणि तांड्यावरची ती सून सरांच्या वहीत लिहिल्याप्रमाणं तीन वर्षांनी खरंच फॉर्म घेऊन हजर झाली. पण तेव्हा तिच्यासोबत आणखी दोघं मिळाली नाहीत आणि भूगोलाची तुकडी बंद पडली. तिनं मराठी घेतलं. सरांना जालन्याकडं शाळेत नोकरी लागली. मी पुढं शिकायला नांदेडला गेले. आज मी भूगोलच शिकवते, आणि माझ्या वर्गात साठ मुलं असतात. चांगलं कॉलेज कसं निवडावं असं कुणी विचारलं की मी त्यांना इमारत, निकाल, ग्रंथालय असं सगळं सांगते. आमच्या कॉलेजला यातलं काहीच नव्हतं, हे सांगत नाही.

नांदेडला जायच्या आधी मी पुसेगावला पेढे द्यायला गेले. काका शेतात होते. काकूंना मी तोवर एकदा-दोनदाच बघितलं होतं. त्या अबोल होत्या, आणि तीन वर्षं त्यांचा नवरा माझ्यामुळं शेतातलं काम टाकून कॉलेजात बसला म्हणून त्या माझ्यावर रागावलेल्या असणार असं मी धरून चालले होते. पेढा घेऊन त्या म्हणाल्या, "आत ये." भिंतीवर काकांनी भारताचा मोठा नकाशा चिकटवला होता. त्यावर जागोजाग त्यांच्या अक्षरात बारीक नोंदी होत्या.

"बावीस वर्षं ते फौजेत व्हते," काकू म्हणाल्या. "पत्रं यायची. तुझ्या बापानंच आणून वाचून दाखवली. पण त्याच्यावर गावाचं नाव नसायचं, नुसता फौजेच्या पोस्टाचा आकडा. घरी आले तरी बोलत नसत. मी विचारायचं सोडून दिलं व्हतं. कॉलेजात जायला लागले अन् अभ्यास म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. मंग मधीच थांबायचे. म्हणायचे, हितं मी व्हतो. हितं थंडीनं बोट काळं पडलं. हितं तुझं पत्र आलतं, मोठं पोरगं झाल्याचं."

काकू नकाशाजवळ गेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बोट न चाचपडता वर गेलं, लडाखवर. "हे मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आपलं गाव कुठं ते मात्र सापडंना. त्यांना विचारलं तर म्हणतात, स्वतः शोध."

मी त्यांचं बोट धरलं आणि हळूहळू खाली आणलं.